आदितीच्या नावानं गेलेलं पत्र

मी एक जुना संगणक आहे. कोल्हापुरातल्या एका शाळेत, दुसऱ्या मजल्यावरच्या संगणक कक्षात, खिडकीकडून चौथा. म्हणून सगळे मला चार नंबर म्हणतात. मित्रांनो, म्हाताऱ्यांना आपलं कौतुक सांगायची भारी हौस असते. मला मात्र आज माझी एक चूक सांगायची आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी टेम्पोतून इथं आलो. विजयसिंह सरांनी नारळ फोडला, हार घातला आणि कुंकवाचं बोट लावलं ते नेमकं माझ्या पडद्यावर. पुढं आठवडाभर मुलं ते पुसत होती. सुरुवातीला माझ्याकडं चित्रं काढणं आणि टाइप करणं एवढंच काम होतं. मग भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकणारा राउटर बसला, तार आली आणि मी जगाशी जोडला गेलो.

सरांचा त्या दिवशीचा तास मला अजून पाठ आहे. "पोरांनो, इंटरनेट आन् वेब एकच न्हाय," ते म्हणाले. "जगातले संगणक तारांनी, समुद्राखालच्या केबलींनी एकमेकांना जोडलेत, ते जोडणं म्हणजे इंटरनेट. रस्ता समजा. आन् त्या रस्त्यानं आपल्यापर्यंत येणारी पानं, एकावरनं दुसऱ्यावर जाता येतं अशी, ते झालं वेब. त्याच रस्त्यानं ई-मेलबी जातं."

"पण सर, ती पानं असतात कुठं?" एका मुलीनं विचारलं.

"दुसऱ्या संगणकात की. त्याला सर्व्हर म्हणायचं. आपण मागायचं, त्यानं द्यायचं."

तेव्हापासून मी मागत आणि आणून देत आलो. तुम्ही एखादं पत्र पाठवलं की त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. ते मिळेल त्या वाटेनं धावतात आणि तिकडं पोचल्यावर पुन्हा जुळतात. तुमचं बोट कळेवरून उचलेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. पावसाळ्यात तर शिक्षकसुद्धा पंचगंगेची पातळी बघायला माझ्याकडं धावत यायचे. "चार नंबर लई हुशार हाय, पासवर्डबी ध्यानात ठेवतोय," असं मुलं म्हणायची. तास पस्तीस मिनिटांचा, एका संगणकावर तिघं. त्यात पासवर्ड टाइप करत कोण बसणार? "लक्षात ठेवू का?" असं मी विचारायचो आणि सगळे डोळे झाकून "हो" दाबायचे. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा, आता आठवलं तरी लाज वाटते.

आदिती नववीत होती. शहराच्या कडेला त्यांचा मळा आहे, तिथून ती सायकलनं यायची. पुण्याच्या एका संस्थेच्या दहा दिवसांच्या तारे बघायच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. येणार की नाही, ते शनिवारपर्यंत ई-मेलनं कळवायचं होतं. तिचे वडील नेमगोंडा अण्णा बुधवारी घरी सरळ "न्हाय" म्हणाले. त्यांच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही आणि शिबिरात जेवण रात्री नऊला होतं.

गुरुवारी सकाळी आदितीनं निवडीचं पत्र माझ्यावर पुन्हा एकदा उघडून वाचलं. घंटा झाली, ती तशीच उठून पळाली. खात्यातून बाहेर पडायचं राहिलं आणि पासवर्ड माझ्याकडं होताच. दुपारी तिच्याच वर्गातला सम्राट माझ्यासमोर येऊन बसला. त्याला तिचं पत्र दिसलं. "जरा घाबरवू की हिला," असं पुटपुटत त्यानं उत्तर लिहिलं, "मी येणार नाही. क्षमस्व. आदिती." आणि पाठवलं. लगेच त्याला वाटलं, नको. तो माझ्या कळा दाबत राहिला, पण गेलेले तुकडे मला परत आणता येत नाहीत.

तासाभरात संस्थेचं उत्तर आलं. आदितीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली होती. आदितीनं ते घरी भावाच्या फोनवर वाचलं. तिचा पासवर्ड अण्णांच्या खिशातल्या वहीत लिहिलेला होता, त्यामुळं तिला दुसरा कुणी सुचलाच नाही. आठ दिवस ती अण्णांशी एक शब्द बोलली नाही. सम्राटची बोलायची छाती झाली नाही. मला तर तोंडच नाही.

शेवटी तिनं माझ्याच शेजारी उभं राहून सरांना सांगितलं, "सर, अण्णांनीच पाठवलंय ते."

सरांनी तिच्या खात्यातून गेलेल्या पत्रांची यादी उघडली. वार गुरुवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. सरांनी ती वेळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "आदिती, गुरुवारी तीन वाजता तुझे अण्णा माझ्यासमोर बसलेले. तुला सहा वाजता जेवण मिळंल का, हे त्यांनी मला पुण्याला फोन करून विचारायला लावलं. ती माणसं व्हय म्हणाली. आजीला विचारून मग मीच पोरीला सांगतो, असं म्हणून गेले."

दुसऱ्या दिवशी आदितीच्या वर्गाचा तास चालू असताना अण्णा संगणक कक्षात आले. मळ्यातल्या मातीनं माखलेल्या चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या. "घरी आलो तर तुझा भाऊ म्हणाला, जागा गेली. मला वाटलं, तूच रागानं न्हाय कळवलंस," ते आदितीला म्हणाले. "मी न्हाय म्हणालतो, पण तुझ्या तोंडावर म्हणालतो की. पाठीमागनं कशाला लिहीन गं?"

आदिती त्यांच्या सदऱ्याला धरून रडली. मागच्या बाकावरून सम्राट उठला. "मी केलतं. चेष्टेनं," एवढंच तो म्हणाला आणि खाली बघत उभा राहिला.

अण्णा माझ्याकडं वळले. "ह्या पेटीला कळत न्हाय व्हय, समोर कोण बसलंय ते?"

"न्हाय," सर म्हणाले. "पासवर्ड बरोबर, म्हणजे माणूस बरोबर, एवढंच त्याला ठाऊक."

मित्रांनो, सरांनी मला सांभाळून घेतलं. मला कळलं होतं. आदिती दहा बोटांनी टाइप करते आणि सम्राट दोन बोटांनी कळा शोधतो. तरी मी पत्र नेऊन दिलं, कारण विचारायचा तो पासवर्ड मीच आधी भरून ठेवला होता. म्हणून सांगतो, शाळेतला संगणक तुमच्या एकट्याचा नसतो. उठताना आपल्या खात्यातून बाहेर पडा. दुसऱ्याचं पान उघडं दिसलं तर न वाचता मिटवा.

शिबिर सुरू झालं त्या सोमवारी आदिती शाळेतच होती. ती माझ्यासमोर बसली आणि पासवर्ड एकेक अक्षर करून टाइप केला. मी तिला विचारलं, "लक्षात ठेवू का?" मला तेवढंच विचारता येतं. माफी मागायची सोय माझ्यात कुणी केलेली नाही.