दिवेलागणीनंतर नेट देत नाहीत

लॅपटॉप आला, पण नेट कुठाय? हा प्रश्न आज आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका चाळीत राहणाऱ्या वैजयंतीच्या घरात तर तो रोज संध्याकाळी दार वाजवून आत यायचा!

लॅपटॉप जुनाच होता. वैजूचे वडील बिरुदेव टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. तिथल्या ऑफिसात नवे लॅपटॉप आले आणि मालकांनी हा देऊन टाकला. कोपऱ्याला चीर, दोन बटणं गायब, वायर काढली की गडी लगेच डोळे मिटणार! पण वैजूला त्याचं एवढं कौतुक, की पहिल्याच दिवशी तिनं तो आईनं कडा शिवून ठेवलेल्या कोऱ्या टॉवेलनं पुसला.

"अगं, गिऱ्हाइकाचा माल हाय त्यो!" तिची आई मायाक्का ओरडली. "आता धुवून वाळवून घडी कोण घालणार, तुझा लॅपटॉप?"

वैजू बारावी सायन्सला होती. पुण्यातल्या एका संस्थेनं गरीब घरच्या मुलींसाठी सीईटीचा मोफत ऑनलाइन वर्ग काढला होता. निवड परीक्षा झाली, थोड्याच मुली घेतल्या, आणि वैजूच्या कॉलेजातून घेतलेली ती एकटी! वर्ग रोज संध्याकाळी सातला. नियम एकच, पण कडक. आठवडाभर सलग गैरहजर राहिली, की त्या मुलीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

बिरुदेवनं घरात आधीच स्पष्ट सांगितलं होतं. "सीईटीत नंबर लागला तर शीक. न्हायतर आईसंगं पॅकिंगला जा. मला पुढचं झेपायचं न्हाय, बाळा." तो रागावून बोलला असता तर वैजू भांडली असती. पण तो खाली बघून बोलला होता.

सुरुवातीला सगळं छान चाललं. वडील संध्याकाळी घरी असायचे, त्यांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा आणि वर्गात हजर! मग कारखाना निम्मे दिवस बंद राहायला लागला. बिरुदेवनं संध्याकाळचा टेम्पो धरला, आणि मोबाइल त्याच्याबरोबर जायला लागला.

"आप्पा, फोन ठेवून जा की. आईचा घेऊन जावा."

"तुझ्या आईच्या बटनाच्या फोनवर गिऱ्हाइकाचं लोकेशन येतंय व्हय?"

घरात तारेचं नेट घ्यायचं म्हटलं तर जोडणाऱ्या माणसानं डिपॉझिट आणि महिन्याचं भाडं सांगितलं. ते ऐकून मायाक्का हसली. ती रडली असती तर वैजूला बरं वाटलं असतं.

मग वैजू चाळीत फिरली. एका दारात कळलं, फोन नवऱ्याबरोबर गेलाय. दुसऱ्या दारातून उत्तर आलं, "पोरी नेटवर काय करतात ते आमाला ठाऊक हाय. उद्या काय झालं की नाव आमचं!" वैजूचे कान तापले, पण ती गप्प राहिली. ज्याला मागायचं असतं त्याला गप्पच राहावं लागतं, नाही का?

शेवटचं दार शेजारच्या शिवबाईकाकूंचं. काकू मूळच्या मैंदर्गीच्या, स्वभावानं मऊ. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई चन्नम्मा, दोघीच. काकूंकडं चांगला स्मार्टफोन होता. जावई कुर्डुवाडीला रेल्वेत, तोच रिचार्ज मारायचा. वैजू गेली तेव्हा काकू नुकत्याच देवापुढून उठत होत्या.

"काकू, तासभर हॉटस्पॉट द्याल का? माझा वर्ग आहे."

"यव्वा! आत्ताच दिवा लावलाय की गं. दिवेलागणीनंतर मी दही देत न्हाय, मीठ देत न्हाय. आन् नेट कसं देऊ? लक्ष्मी हाय ती घरची! सकाळी ये, थोडं घेऊन जा."

"सकाळी वर्ग नसतो, काकू."

"मग मी काय करू, पोरी?"

वैजू हुशार! दुसऱ्या दिवशी ती दिवा लागायच्या आधीच गेली. काकूंनी हसत हॉटस्पॉट चालू केला. वैजू घरी धावली, लॅपटॉप लावला, सगळ्या मुलींचे चेहरे दिसले, सरांनी "वैजयंती, आहेस का?" असं विचारलं, आणि ती "हो सर" म्हणेपर्यंत पडद्यावर सगळे जागच्या जागी थिजले. शेजारी घंटी वाजत होती. काकूंनी दिवा लावला होता आणि नेट बंद केलं होतं.

त्यानंतर ती रोज सात वाजता पुस्तक उघडून बसायची. भिंतीपलीकडं नेट होतं. इतक्या जवळ, की काकूंच्या फोनची रिंग ऐकू यायची. एका संध्याकाळी तिनं परत विचारलंही. "रोज रोज काय गं!" एवढंच उत्तर आलं. वैजूला त्याची फार लाज वाटली. पुन्हा ती गेली नाही.

आठवडा भरला. संस्थेचा मेसेज वडिलांच्या फोनवर आला. बिरुदेवनं तो एकेक शब्द जुळवत वाचला. "आपल्या पाल्याचे नाव कमी करण्यात आले आहे."

"आप्पा, मी शिकत होते," वैजू म्हणाली.

"मला ठाऊक हाय."

"मग?"

मायाक्कानं लॅपटॉप जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. वैजू सुट्टीच्या दिवशी पॅकिंगला जायला लागली आणि उरलेला माल घड्या घालायला घरी आणायला लागली. कॉलेज अजून सुटलं नव्हतं, पण तिनं वर्गात हात वर करणं सोडलं होतं. आधी ती बोलायला लागली की थांबायची नाही!

एका दुपारी ती गॅलरीत टॉवेलांच्या घड्या घालत होती. चन्नम्माअज्जी शेजारी उन्हाला बसल्या होत्या.

"काय गं, तुझी ती पाटी हल्ली बोलत न्हाय?" अज्जींनी विचारलं. लॅपटॉपला त्या पाटीच म्हणायच्या.

"ठेवून दिली, अज्जी. नेट नाही. वर्गातून काढलं मला."

हे ऐकून शिवबाई आतून बाहेर आल्या. "काढलं? अगं, मी न्हाय म्हटलं न्हाय हं! दिवेलागणीला नको म्हटलं. आन् खरं सांगू का? मी साठवतेय."

"काय साठवताय?"

"नेट की! माझी प्रियंका बाळंतपणाला येणार. जावयाला रजा न्हाय. तिला रोज नवऱ्याचं तोंड बघायला लागंल, बाळाला दाखवायला लागंल. रोज दोन जीबी येतंय म्हणून जावई बोलला. मी सकाळी दोन भजनं ऐकते, तेवढंच. बाकी समदं तसंच हाय! दिवाळीपासनं हात लावला न्हाय."

वैजूच्या हातातली घडी तशीच राहिली. तिला राग यायला हवा होता. पण काकूंचा चेहरा इतका आनंदी होता, की राग आलाच नाही.

"काकू," ती म्हणाली, "ते साठत नाही."

"म्हंजे?"

"रोजचं रोज असतं. उरलेलं रात्री बारा वाजता जातं. सकाळी नवं येतं."

"जातं? कुणाकडं जातं?"

"कुणाकडंच नाही. नुसतं जातं."

काकूंनी फोन पुढं केला. वैजूनं दाखवलं. आजचं शिल्लक तेवढं दिसत होतं. कालचं, परवाचं, दिवाळीपासूनचं कुठंच नव्हतं! शिवबाई उंबऱ्यावरच बसल्या.

"म्हंजे तू दारात आलतीस त्या दिवशीचं बी गेलं?"

"व्हय."

"सांगायचं न्हाय व्हय गं तवाच!"

"तुम्ही लक्ष्मी म्हणाला, काकू. साठवताय ते मला कुठं ठाऊक होतं?"

शिवबाई सासूकडं वळल्या. "अत्ती, तुमीच शिकवलंसा मला. तिन्हीसांजेला घरातलं देऊ न्हाय!"

"शिकवलं की," चन्नम्मा म्हणाल्या. "दही आन् मीठ. आमच्या वक्ताला मैंदर्गीला लाइट न्हवती. अंधारात दह्याचं मडकं काढायचं म्हंजे सांडायचं, फुटायचं. म्हणून माझी सासू म्हणायची, सकाळी दे, उजेडात दे. देऊच नको असं कोण म्हटलं? दही सकाळपतूर टिकतंय, म्हणून सकाळी देता येतंय. जे टिकतच न्हाय ते राखून कुणाला देणार हुतीस तू? प्रियंकाला बी मिळालं न्हाय, हिला बी मिळालं न्हाय!"

शिवबाई रडल्या नाहीत. त्यांनी वैजूकडून संस्थेचा नंबर घेतला आणि स्वतः फोन लावला. "बाई, चूक माझी हाय, पोरीची न्हाय. तिला परत घ्या!"

पलीकडच्या बाई शांतपणे बोलल्या. त्यांना वाईट वाटत होतं, पण जागा भरली होती. नातेपुत्याची एक मुलगी तिच्या जागी वर्गात आली होती. तिला आता कसं काढणार?

वैजूनं काकूंच्या हातातून फोन घेतला.

"मॅडम, त्या मुलीकडं नेट आहे ना?"

बाई म्हणाल्या, "विचारलं नाही गं आम्ही. आजच विचारते."

त्या संध्याकाळी शिवबाईंनी देवापुढं दिवा लावला, हॉटस्पॉट चालू केला आणि फोन वैजूच्या दारात आणून ठेवला. "आता लाजून न्हाय म्हणू नगंस," त्या म्हणाल्या. वैजूनं पेटी उघडली. वर्ग नव्हता. कुणी "आहेस का?" विचारणारं नव्हतं. आधीच कुणीतरी रेकॉर्ड करून नेटवर टाकलेले धडे होते, आणि त्यांना शंका विचारता येत नाही. परीक्षा जवळ आली होती आणि ती एकटी होती. बिरुदेव टेम्पो घेऊन निघताना दारात थांबला. "परीक्षेपतूर अभ्यासाला बस," एवढंच म्हणाला. पॅकिंग सुटलं असं मात्र म्हणाला नाही.

वैजूचा नंबर लागेल की नाही, कुणालाच माहीत नाही. गेलेले धडे परत येणार नाहीत, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

नागरिकहो, शिवबाईकाकू वाईट नव्हत्या! त्यांनी मायेनंच राखलं, रीत म्हणूनच राखलं, आणि तरीही एका मुलीची जागा गेली. आपल्या खिशातही रोज थोडं नेट उरतं आणि रोज वाया जातं. ते कुणाला उपयोगी पडेल, हे आपणहून विचारा, कारण मागणारी मुलगी दोनदा मागते आणि मग लाजेनं गप्प बसते. जी रीत माणसाला उजेडात द्यायला सांगत होती, तिला आपण न देण्याचं कारण करू नये. आणि देणार असाल, तर जागा जायच्या आधी द्या!