एलिया मास्तरांचा ढोल

मी ढोल. कवायतीचा ढोल. लग्नाच्या वरातीत मी कधी गेलो नाही, हे आधी सांगून ठेवतो.

जामखेडच्या एका कारागिरानं मला घडवलं. आंब्याचं खोड आतून कोरलं, दोन्ही तोंडांवर बोकडाचं कातडं ताणलं, दोरी आवळली. पहिला ठोका त्यानंच दिला. मान डोलावली आणि मला बैलगाडीत टाकलं. आमचं नातं तेवढंच.

कर्जतपासून पाच कोसांवरच्या एका गावात मिशनची शाळा होती. तिथं कवायत शिकवायचे एलिया मास्तर. त्यांनी मला गळ्यात अडकवलं आणि मी तेवीस वर्षं तिथंच राहिलो. मास्तर तरुणपणी पलटणीत होते. पाठ ताठ, बोलणं मोजकं. त्यांचं माझ्याशी चांगलं जमलं. मलाही फार बोलणं आवडत नाही.

दर पंधरा ऑगस्टला झेंडा चढला की कवायत व्हायची. शाळेची पोरं असायची आणि गावची मोठी माणसंही रांगेत उभी राहायची. बाया वेगळ्या रांगेत, पदर कमरेला खोचून. एकूण बारा प्रकार. हात वर, हात बाजूला, कमरेतून वाकणं, बैठका. मास्तरांचा नियम एकच होता.

"ढोल वाजतोय तोवर हात चालला पाहिजे. तोंडाचा हुकूम या मैदानात नाही. ढोल थांबला की थांबायचं, त्याआधी नाही. शेजारी साप निघाला तरी नाही."

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "आन् चावला तर, मास्तर?"

"तर ठोक्यावर ओरडायचं."

मैदान हसलं. मास्तर हसले नाहीत. पण एका वर्षी खरंच रांगेत विंचू निघाला आणि तो कडेला जाईपर्यंत एकाचाही हात चुकला नाही. त्याची गोष्ट गाव पुढं दहा वर्षं आल्यागेल्याला सांगत होतं. आमच्या गावाकडे फार काही नव्हतं. ही शिस्त होती.

मास्तरांना एकच मुलगी, कृपा. तिची आई लवकर गेली. ती मोठी होत गेली तसे मास्तरांचे कान जात गेले.

हे आधी मला कळलं. मास्तर मला पोटाशी घट्ट धरायला लागले. ठोका त्यांना कानात लागत नव्हता, पोटात लागत होता. मग कृपाला कळलं. कुणी मास्तरांना हाक मारली की तीच आधी वळायची आणि मास्तरांच्या मनगटाला बोट लावायची. मग मास्तर वळायचे. कुणी काही विचारलं तर पुढं होऊन तीच उत्तर द्यायची. कवायतीत ती पहिल्या रांगेत मधोमध, मास्तरांच्या नजरेसमोर. मागं काही बिघडलं की ती मान हलवायची. मास्तर तिच्याकडे बघून ढोल थांबवायचे, नाहीतर चालू ठेवायचे. अशी सहा वर्षं गेली. गावात कुणालाही पत्ता लागला नाही.

लपवायचं कारण होतं. झेडपीच्या शाळेवर एक नवा मास्तर आला होता, गळ्यात शिट्टी घालून. सरपंच काकासाहेब एकदा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, आता पोरांची कवायत शिट्टीवर घिऊ. तुमचं वय झालं."

कृपानं मनगटावर खूण केली, ओठांनी सांगितलं.

"माझं वय झालं. ढोलाचं नाही," मास्तर म्हणाले.

कान गेल्याचं कळलं असतं तर मी त्याच दिवशी त्यांच्या गळ्यातून उतरलो असतो. मग मास्तरांकडे काय उरलं असतं? रिकामा दिवस आणि भिंतीवरचा पलटणीतला फोटो. हे कृपाला माहीत होतं. म्हणून ती त्यांचे कान झाली.

बहात्तर साल आलं. पावसानं पाठ फिरवली. विहिरी तळाला गेल्या. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि सगळं गाव घमेली घेऊन तिथं गेलं. कृपाही जायची. दुपारी खायला सुकडी, पिठाची गोड भुकटी, मिळायची. तिच्यातली अर्धी ती घरी आणायची.

जुलैच्या अखेरीस काकासाहेब पुन्हा आले.

"मास्तर, सवातंत्र्याला पंचवीस वर्सं झाली. प्रांतसाहेब येनार हायेत. तळ्यावरच्या समद्या मानसांची कवायत झाली पायजे. दोनशे मानूस. ही तुमी घ्या. म्होरल्या साली शिट्टी."

मास्तरांनी ते कृपाच्या ओठांवरून वाचलं. मग मला खुंटीवरून काढलं.

संध्याकाळी काम सुटलं की तळ्याच्या कोरड्या तळात तालीम व्हायची. माणसं दमलेली असायची. पहिल्या रांगेत कृपाच्या शेजारी गोजरबाई होती. तोंडाची तिखट बाई.

"दिसभर घमेली उचलतोय ती काय कवायत न्हाई व्हय?" ती म्हणायची. "सायबाला म्हनावं सकाळच्याला ये. फुकट बघाय मिळंल."

बाया हसायच्या. ढोल वाजला की मात्र गोजरबाईचा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा.

तेरा तारखेला कृपानं मला पुसायला घेतलं. तिचा हात माझ्या कातड्यावर पडला आणि मी चमकलो. हात तव्यासारखा तापलेला. दुसऱ्या दिवशी गोजरबाईनंही तो धरून बघितला.

"पोरी, तुला ताप हाय. घरी नीज."

"उन्हानं झालंय, काकू. परवा निजते."

"बापाला सांगितलं का?"

"त्यांना नका सांगू. त्यांची शेवटची कवायत आहे."

मास्तर दहा हातांवर दोरी आवळत बसले होते. त्यांना काही ऐकू गेलं नाही. मी ऐकलं. बाप मुलीपासून काही लपवत नव्हता, मुलगी बापापासून लपवत होती आणि दोघं मिळून गावापासून लपवत होते. सगळं माझ्याजवळ होतं, पण माझं तोंड कातड्यानं बांधलेलं.

पंधरा ऑगस्टला सकाळी आम्ही तळ्यावर गेलो तर रात्रीतून झेंड्याचा खांब तलावाच्या भरावावर, मातीच्या बांधावर, रोवला होता. पाहुण्यांच्या खुर्च्याही तिथंच. रोजच्या तालमीत मास्तर भरावाला पाठ करून, रांगांकडे तोंड करून उभे राहायचे. आता तसं उभं राहिलं तर झेंड्याला पाठ होत होती.

कृपानं खुणेनं सांगितलं, तोंड आमच्याकडेच ठेवा.

"झेंड्याला पाठ देऊ? पलटणीत असं करणाऱ्याला उभं केलं नसतं," मास्तर म्हणाले.

तिनं दोनदा सांगितलं. मास्तर ऐकेनात. शेवटी तिनं त्यांच्या कोपराला हात लावून दाखवला. म्हणजे, काही बिघडलं तर ती येऊन असा हात लावील.

"काही बिघडत नाही," मास्तर म्हणाले, आणि रांगांकडे पाठ करून उभे राहिले.

झेंडा चढला. प्रांतसाहेब खुर्चीत बसले. मास्तरांनी टिपरू उचललं आणि मी वाजलो.

मला मागचं दिसत नाही. पण जमिनीतून पाय कळतात. दोनशे माणसांचे पाय एका ठोक्यावर पडत होते. त्या दिवसासारखी कवायत त्या गावानं कधी केली नव्हती. उपाशी माणसं, पण एक पाय चुकला नाही.

सातवा प्रकार कमरेतून वाकायचा. त्यात पहिल्या रांगेतली एक पायांची जोडी कमी झाली. माझ्या मागं, अगदी मधोमध.

मास्तर वाजवत राहिले. रांग मोडली नाही. आजूबाजूच्या बाया, हे मागाहून कळलं, वाकता वाकता कृपाकडे बघत होत्या, ढोल थांबायची वाट बघत होत्या. तेवीस वर्षांची सवय होती ती.

आठव्या प्रकारात गोजरबाई ठोका न चुकवताच ओरडली, "मास्तर, थांबवा! पोरगी पडली!"

ढोल थांबला नाही.

"मास्तर! किरपा पडली वं!"

दोनशे माणसांनी ती हाक ऐकली. भरावावरच्या खुर्च्यांना मास्तरांच्या आडून, धुळीतून, पडलेली कृपा दिसली नाही आणि शब्दही कळले नाहीत, त्यांना ती घोषणा वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांचे डोळे झेंड्यावर होते. कोपराला कुणाचा हात लागला नव्हता, म्हणजे सगळं ठीक होतं. त्यांनी ठोका आणखी चढवला.

दहाव्या प्रकारात गोजरबाईनं रांग मोडली. तिनं पुढं येऊन मास्तरांचं टिपरू धरलं. मास्तर रागानं वळले. मग त्यांनी खाली पाहिलं.

कृपा तोंडावर पडली होती. दोन्ही बाजूंना बायांचे हात अजून वर होते.

प्रांतसाहेबांच्या जीपमधून तिला कर्जतला नेलं. विषमज्वर होता. डॉक्टर म्हणाला, या तापात माणसाला अंथरुणावरून उठू द्यायचं नसतं, तुम्ही कवायत कशी करू दिली? आतडं फाटलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिला मातीत ठेवायला सगळं गाव आलं. मास्तरांशी कुणी बोललं नाही. माणसं आपापसात बोलत होती. पोरगी पायाशी पडली आन् यानं ढोल थांबवला न्हाई. सायबापुढं मान राखायचा हुता. बाप हाय का कोन हाय?

मास्तरांनी नुसतं म्हणायचं होतं, मला ऐकू येत नाही. चार शब्द होते. ते बोलले असते तर हीच माणसं त्यांच्या गळ्यात पडून रडली असती.

महिनाभरानं गोजरबाई घरी आली. ती उंबऱ्यावर बसली. मास्तर समोर, मी खुंटीवर.

"मास्तर, मला रातच्याला झोप न्हाई. एकदा सांगा. माझी हाक तुमी आयकली हुती का न्हाई?"

मास्तरांनी तिच्या ओठांकडे बघितलं. त्यांना प्रश्न नीट समजला. मला ठाऊक आहे, समजला.

"ऐकली होती," ते म्हणाले.

गोजरबाई उठली. चालती झाली. तिनं ते गावात सांगितलं, आणि त्यानंतर त्या घराचं दार कुणी वाजवलं नाही. वाजवलं असतं तरी मास्तरांना कळलं नसतं.

ती गेल्यावर मास्तर माझ्याशी बोलले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

"पोरगी तापात माझ्यासाठी उभी राहिली. कान गेले होते म्हणून सुटू मी? सुटायचं नाही मला."

मी त्यांचं सगळं ऐकत आलो होतो. हे मला पटलं नाही. पण ढोलाला कोण विचारतो?

पुढच्या वर्षी पाऊस झाला. तलाव भरला. जिथं रांगा उभ्या होत्या तिथं आता दोन पुरुष पाणी आहे. पंधरा ऑगस्टची कवायत शाळेच्या पटांगणात शिट्टीवर झाली. शिट्टीचा आवाज आमच्या घरापर्यंत आला. मास्तर अंगणात मिरच्या निवडत होते. निवडत राहिले.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, थंडीत, मास्तर गेले. खांदा द्यायला चारच माणसं आली, तीही मिशनचे पाळक बोलावून घेऊन आले म्हणून. मला मिशनच्या देवळामागच्या खोलीत ठेवलं. तिथं मोडकी बाकं आहेत आणि मी आहे. उंदरांनी डावं कातडं कुरतडलंय. उजवं अजून शाबूत आहे.

गोजरबाई, तू कधीतरी या खोलीत ये. माझ्या उजव्या कातड्यावर हात ठेव. मधोमध टिपऱ्याचा खड्डा पडलाय, बोट बुडेल इतका. ज्याच्या कानात ठोका पडतो तो इतक्या जोरानं बडवत नाही, बाई. तू हुशार आहेस. तुझं तुला कळेल. मास्तर तुझ्याशी खोटं बोलले.

मग तशीच मागं कबरींकडे जा. बापलेकी शेजारी शेजारी आहेत. कृपाच्या कबरीवर तू दर रविवारी शेवंती ठेवतेस, ते मला खिडकीतून दिसतं. त्यातलं एक फूल उचल आणि शेजारी ठेव.