पोरीपासून लपवलेलं तोंड

माही पोरगी ऋतुजा दातांची डॉक्टर हाय, अन् मी दीडेक वर्षापासून तिच्यापासूनच तोंड लपवून राहिलो होतो. हसू नका. घरात डॉक्टर असून बाप तोंड लपवते, एवढा गाढवपणा साऱ्या सक्करदऱ्यात कोणी केला नसन, मले माहीत हाय.

मी कळमन्याच्या मार्केटात वजनकाट्यावर असतो. तिथं माणूस पाण्याचं नंतर इचारते, आधी खर्रा पुढं करते. घोटलेली सुपारी-तंबाखू, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडात तेच. ऋतुजा शिकत होती तवा दर रविवारी टॉर्च घेऊन माह्या तोंडात पाहे अन् मले झापे. "बाबा, आता तरी सोडा नं हे!" मी आपलं हाव हाव म्हणून वेळ मारून नेओ.

मंग तिनं डॉक्टरकीच सोडली. दुसऱ्याच्या क्लिनिकात दिवसभर उभी राहे, स्वतःचं काई होईल असं चिन्ह नव्हतं. एक दिवस घरी आली अन् म्हणे, "बाबा, मले एमसीए कराचं हाय. कोणाचं तोंड पाहाची इच्छाच नाई राहिली आता."

बाप्पा, सोपं होतं का ते! बारावीत तिचं गणित नव्हतं. वर्गातले पोट्टे तिच्याहून कितीतरी लहान, तिले 'डॉक्टर ताई' म्हणत. घरी प्रोग्राम चालला नाई का ती लॅपटॉपवर डोकं टेकून रडे, अन् मी बापमाणूस चहा पुढं ठेवण्यापलीकडं काई करू शकत नव्हतो. त्यात शेजारच्या वच्छलाबाई गाल धरून दारात उभ्या. "जरासं पाह्य नं वं पोरी, दाढ ठणकून राहिली." मी त्यांले अंगणातूनच वापस लावो. लोक म्हणत, डॉक्टरकीचं शिक्षण पाण्यात घातलं. असा राग ये मले! बसा म्हणा तिच्या जागी एक दिवस.

त्याच दिवसांत मले तिखट झोंबाले लागलं. मंग तोंड उघडणं कमी कमी होत गेलं. आधी तीन बोटं उभी जात, मंग दोन, मंग एक. खर्ऱ्यानं तोंड असंच आवळत जाते अन् पुढं कॅन्सरबी होऊ शकते, हे तिच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं. भेव वाटलं. खर्रा फेकला, पण तोंड काई उघडलं नाई.

सांगितलं असतं तर तिनं शिक्षण सोडून मले घेऊन दवाखान्याच्या चकरा मारल्या असत्या, अन् पुन्हा कोणाच्या तरी क्लिनिकात जाऊन उभी राहिली असती. मी ठरवलं, नोकरी लागू दे तिले, मंग सांगू. बायकोले, प्रेमिलाले, शपथ घातली. ॲसिडिटीचं निमित्त करून वरण-भात कालवून खाओ, तोबी ऋतुजा कॉलेजात गेल्यावर. घर म्हणजे एकच खोली. ती स्क्रीनकडं तोंड करून बसे, मी भिंतीकडं.

काल दुपारी नोकरी लागली. पुण्याची कंपनी, पुढच्या आठवड्यात जाचं होतं. संत्रा बर्फीचा डबा घेऊन पोरगी पळतच आली. शेजारपाजारचे गोळा झाले. अशा वेळी तोंडात भरवल्याशिवाय कोणी सोडते का? आईले भरवली, वच्छलाबाईले भरवली, अन् अख्खा तुकडा माह्या ओठांपुढं धरला.

"आ करा, बाबा."

"ठेव, मंग खातो."

"मंग नाई. आताच, माह्या हातानं."

प्रेमिला दुसरीकडं पाहाले लागली. मी उघडलं तेवढं उघडलं. बर्फी दातांवरच अडली. सारे हसले, त्यांले वाटलं मी नखरे करून राहिलो. ऋतुजा नाई हसली. तिनं बर्फी खाली ठेवली, हनुवटी धरून माहं तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं अन् गालाच्या आतून बोट फिरवलं.

"कवापासून?"

"आता आताच."

"खोटं नका बोलू, बाबा. हे आताचं नाई." मंग एकदम हळू म्हणाली, "मी तर याच खोलीत होती नं."

लोक एकेक करून निघून गेले. तिनं फोन हातात घेतला.

"ऋतुजा, ठेव तो फोन," मी म्हटलं. तिनं ऐकलं नाई. मले जोरात ओरडाचं होतं, तुले माही आण हाय, तू पुण्याले जाय. पण तेवढं तोंडच उघडलं नाई, नुसता घरघर आवाज निघाला. तिकडून कोणीतरी हॅलो म्हटलं.

"सर," माही पोरगी म्हणाली, "मी जॉइन नाही होऊ शकत."