काकांचं अर्धं राहिलेलं गाणं

मी एक जुना ब्रश आहे. हसू नका मित्रांनो, दात घासायचा नव्हे! माझे केस पोलादी तारांचे. मी आणि माझा जुळा भाऊ ड्रमवर फिरतो. काठी ठोकते, आम्ही सारवतो.

आमचा धनी नंदकुमार घाटकोपरच्या चाळीतला, मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत ड्रम वाजवणारा. त्याचा हात ऐकून श्यामकांतकाकांनी त्याला अंधेरीच्या हॉटेलात आणलं. काका तिथे संध्याकाळी सॅक्सोफोनवर जुनी जॅझ गाणी वाजवत. आम्हाला नंदूच्या हाती त्यांनीच दिलं.

“गाणं आधी मनात गुणगुण,” काका सांगत. “चाल मी सांगतो, तू नुसता हुंकार दे. चाल वळली की झांजेला हळूच स्पर्श कर. आणि मी श्वास घेतला की गप्प.”

“गप्प कसा बसू, काका? बेंजोत जागा रिकामी सोडली तर शिव्या पडतात!”

“इथे भरलीस तर पडतील.”

नंदू शिकला, बरं का! आमची सळसळ काकांच्या सुराखाली अशी पसरायची की सूर तरंगायचा. पण आमच्याकडे बघतो कोण? हे नंदूला आतून खात होतं.

१९८४ साली काकांना दम्याने गाठलं. बरे होऊन परतले, तेव्हा मॅनेजर म्हणाला, “आज ऐकतो, मग ठरवतो.” हॉटेल सुटलं तर या वयात काकांना दुसरं कोण बोलावणार? आणि नेमका त्याच दिवशी नंदूचा चाळीतला दोस्त अनंत ऐकायला आला. “नंद्या, दाखव ना यार आज हात!” म्हणाला मेला.

गाणं संथ होतं. शेवटच्या भागाआधी काका श्वासाला थांबले, आणि जरा जास्तच थांबले. नंदूने आम्हाला खाली टाकलं, काठ्या उचलल्या आणि बेंजोच्या सवयीने ती जागा अशी दणाणून भरली की लोकांना वाटलं, गाणं संपलं! टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांच्या ओठांना सॅक्सोफोन तसाच लागलेला. त्यांनी तो हळूच खाली घेतला.

मॅनेजर खूश. “ड्रमवाला राहू दे. सॅक्सोफोनला तरुण माणूस बघा.”

“झकास टाळी पडली रे तुला,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. नंदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मलाही लाज वाटली.

त्याने ते हॉटेल सोडलं. आठवड्याने आम्हाला शबनम पिशवीत घालून तो मुलुंडला काकांकडे माफी मागायला गेला. चहा झाला, खारी झाली, नंदूच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली. वाजवण्याबद्दल काका एक अक्षर बोलेनात, आणि नंदूच्या तोंडून माफी फुटेना. दारापाशी विमलाकाकू हळूच म्हणाल्या, “सॅक्सोफोन देऊन टाकला त्यांनी.” नंदू मान खाली घालून जिना उतरला.

आता मी माळ्यावर असतो. मित्रांनो, माझ्या तारांना गंज चढलाय. तो काय, घासला की जाईल. पण तुम्ही कुणाच्या साथीला बसलात, तर पाया पडतो, आधी त्याचं गाणं त्याला पुरं करू द्या.