लाइकनेस आला नाही

हेडक्लार्कांच्या निवृत्तीचा समारंभ संध्याकाळी पाचला होता आणि मी काढलेलं त्यांचं पोर्ट्रेट ऑफिसच्या भिंतीवर चढायचं होतं. साडेतीनला ते सपत्नीक माझ्या स्टुडिओत आले. वहिनींनी चित्राकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "लाइकनेस आला नाही."

चित्रकाराला एकवेळ चोर म्हणा, पण हे म्हणू नका. मी आशेने कोपऱ्यात बसलेल्या माझ्या मेहुण्यांकडे पाहिलं. ते इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून रोज माझ्याकडे येऊन बसतात.

"वहिनी, जुन्या इंग्रजीत 'लिक' म्हणजे शरीर," त्यांनी सुरुवात केली. "शरीर सारखं असलं की झालं लाइक. नाक-डोळे जुळले, शब्दाची अट पूर्ण! चेहऱ्यावरचं तेज त्या शब्दात बसतच नाही."

"नुसतं शरीर?"

"शरीर, किंवा..." इथे थांबले तर ते प्राध्यापक कसले? "प्रेत."

मी डोळे मिटून घेतले. माझं पोर्ट्रेट आता इथेच पडून राहणार, हे नक्की झालं.

वहिनी पुन्हा चित्राजवळ गेल्या. चित्रातले हेडक्लार्क फायलीवर हात ठेवून, नजर शून्यात लावून बसले होते.

"मग हुबेहूब आहे हो," त्या म्हणाल्या. "एकदा डबा द्यायला ऑफिसात गेले होते, तेव्हा अस्सेच बसले होते. द्या बांधून."

"अगं, मी इथेच उभा आहे," हेडक्लार्क पुटपुटले.

"अहो, मग जरा हला की! ती बाजू धरा."