पूजेला बसलेली कप्पी

मित्रांनो, मी एक जुनी विजेची कप्पी आहे. जुनी वयाने. वापराच्या हिशेबाने माझा अजून जन्मच झालेला नाही.

मला विलायतेत घडवलं. वर मोटार, मग साखळी, खाली वाकडा आकडा. बटण दाबलं की एक टन वजन छताला न्यायचं, एवढंच मला शिकवलं होतं.

हिंगोलीच्या किसनरावांना त्यांच्या जिनिंग-प्रेससाठी कप्पी हवी होती. मुंबईच्या विक्रेत्याने विचारलं, "वजन किती उचलायचं? किती उंच? दिवसातून किती वेळा?" किसनराव म्हणाले, "ते गडी पाहतील. तुमी रंग सांगा." रंग हिरवा होता. निवड झाली. गावात वीज आहे का, हे विक्रेत्याने विचारलं नाही आणि किसनरावांनी सांगितलं नाही. दोघेही फार सभ्य होते.

साल १९३८. प्रेसच्या वर एकच लोखंडी तुळई होती आणि तिला एक हातकप्पी टांगलेली होती. प्रेसवरचे जुने गडी खाजा मिया तिची साखळी ओढत आणि प्रेसचं जड लोखंडी झाकण एकटे उचलत. खंडेनवमीला त्याच हातकप्पीने मला वर चढवलं. मग तिलाच काढून कोपऱ्यात टाकलं. मला झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ.

तुम्हाला रीत ठाऊक असेलच. पूजेला बसवलेल्या हत्याराला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. एरवी दसऱ्याला सगळं आटोपतं. पण किसनराव म्हणाले, "पह्यलं वजन उचललं की मगच हिची उत्तरपूजा." वीज नाही म्हणून वजन नाही. वजन नाही म्हणून उत्तरपूजा नाही. मी पूजेला बसले ती बसलेच.

झाकण आता आठ गडी बांबूंवर घेऊन खांद्याने उचलू लागले.

"मालक," खाजा मिया म्हणाले, "हिच्या बाजूला हातभर जागा हाय. आमची जुनी टांगू द्या. बराबर काम करून राहिली होती."

"पूजेच्या तुळईला दुसरं काही बांधायचं न्हाई. परभणीहून विजेची तार येऊन राहिली."

जिनात कापूस टाकणारी गोजरबाई म्हणाली, "व्हय, पायी येऊन राहिली असल. औंढ्याला दर्शन घेऊन येते म्हणली."

माझं कौतुक मात्र खूप झालं. कनेरगाव नाक्याहून लोक मला बघायला येत. एका बाईने नवस केला. तिला मुलगा झाला. पेढे माझ्यापुढे ठेवले गेले. या प्रकरणात माझा काही हात नव्हता, हे मी इथे स्पष्ट करते.

मग एका पौषात प्रेस अडली. गड्यांनी झाकण उचललं आणि बांबू मोडला. झाकण खाजा मियांच्या उजव्या पायावर बसलं. मी बरोबर वर होते. माझा आकडा झाकणापासून दोन हातांवर लोंबत होता.

"हातकप्पी टांगा वो!" गोजरबाई ओरडली.

किसनरावांनी माझ्या माळेकडे पाहिलं. "थांबा, उत्तरपूजेला गुरुजींना बोलावतो."

"गुरुजी येईस्तोवर पाय ऱ्हाईल का?"

नाही राहिला. गड्यांनी पहारींनी झाकण उचकटलं, तोवर उशीर झाला होता. गुरुजी आले तेव्हा किसनराव म्हणाले, आता कशाला, आता तर काही टांगायचं नाही. मला नवी माळ मिळाली.

१९४८ उजाडलं. तार आली नाही. किसनरावांनी प्रेस मोडीत काढली आणि भंगारवाला अन्सार मला न्यायला आला. गुरुजींनी चार अक्षता टाकल्या, मला जरासं हलवलं. झाली उत्तरपूजा. एवढीच असते ती.

पण मला खाली काढणार कोण? खाजा मियांना बोलावलं. ते कुबडीवर आले, स्टुलावर बसले, कोपऱ्यातल्या हातकप्पीला तेल पाजलं. ती माझ्या शेजारी टांगली. हातभर जागेत. नीट मावली.

"मिया, आता काहून टांगता?" गोजरबाईने विचारलं.

"वजन उचलायचं हाय न," साखळी ओढत ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पह्यलंच."

ते वजन म्हणजे मी.

मित्रांनो, मोठेपणी यंत्र घ्यायला गेलात तर रंग सगळ्यांत शेवटी विचारा. आज वजन कोणाच्या खांद्यावर आहे, ते आधी पाहा. आणि नवं चालू होईपर्यंत जुनं कोपऱ्यात टाकू नका.

मी आता अन्सारच्या दुकानाबाहेर पडून आहे. कुंकू अजून गेलेलं नाही. येता-जाता दिसले, तर कृपा करून नमस्कार करू नका.