न्यीमा थट्टा करत नाही

शेती खात्याचे संचालक लातीर न्गोम यांची गाडी गावात शिरली तेव्हा तिच्या काचा वर होत्या. बाहेर ढोल वाजत होता, बायका नाचत होत्या आणि आत थंड हवेत तो गुबगुबीत माणूस फोनवर बोलताना माशासारखा तोंड उघडमीट करत होता. न्यीमा जार्जू नाचली नाही. खात्याने वाटलेलं हिरवं कापड तिने इतर बायकांसारखंच अंगाला गुंडाळलं होतं. फुकटचं कापड नाकारण्याइतकी ती श्रीमंत नव्हती.

आज बांधाचं उद्घाटन होतं. बांध गेल्या वर्षीच झालेला. फीत कापायला साहेबांना सवड आज मिळाली.

गांबिया म्हणजे एक नदी आणि तिचे दोन काठ. एवढ्याशा मुलखावर राज्य करणाऱ्यांना नदीला भरती येते हे ठाऊक असायला हरकत नव्हती. भरतीचं खारं पाणी खाडीतून बायकांच्या भातशेतात घुसतं, म्हणून बांध. बांधाला चार दारं. दारांत फळ्या टाकल्या की भरती अडते, पावसात त्या काढल्या की शेतातलं मीठ धुऊन जातं. खात्याने बांध घातला, दारं ठेवली, दारांचे उंबरे चांगले उंच बांधले आणि फळ्या दिल्याच नाहीत. पूर्वी खारं पाणी येत होतं आणि जात होतं. आता मोठ्या भरतीला ते उंबरा ओलांडून आत येतं आणि आतच राहतं. इतकं बिनडोक काम करायलासुद्धा परदेशातून तज्ज्ञ आले होते.

गेल्या हंगामात न्यीमाचं भात गुडघ्याएवढं असतानाच करपलं. तेव्हापासून ती दुकानातला, जहाजातून येणारा तुकडा तांदूळ खात होती. पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवणाऱ्या ज्योला जमातीच्या बाईने तांदूळ विकत आणायचा म्हणजे कोळ्याने डब्यातले मासे विकत घ्यायचे. पाऊस तोंडावर आला होता. फळ्या त्याआधी आल्या नाहीत तर यंदाही रोपं जळणार, आणि मग शेत सोडून किनाऱ्यावरच्या हॉटेलात गोऱ्या पाहुण्यांच्या चादरी धुवायला जायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

फीत कापून झाली. चिंचेखाली भाषण झालं. संचालकांनी ‘विकास’ हा शब्द इतक्यांदा उच्चारला की समोरची एक म्हातारी प्रत्येक वेळी ‘आमीन’ म्हणू लागली.

मग न्यीमा उठली. तिला कुणी अडवलं नाही. न्गोम सेरेर जमातीचे, ती ज्योला. ज्योला आणि सेरेर हे पूर्वजांपासूनचे थट्टेचे भाऊबंद. सेरेर मंत्री असो की कैदी, ज्योलाने त्याला काहीही बोलावं, त्याने रागावता कामा नये, उलट बोलावं; एकमेकांना गुलाम म्हणणं ही तर रीतच.

“ए सेरेर!” ती ओरडली. “गुलामाला खुर्चीवर कुणी बसवलं रे? ऊठ, मालकीण उभी आहे!”

हशा पिकला. संचालक खूश झाले. भाषणापेक्षा हे त्यांना जमण्यासारखं होतं.

“मालकीण म्हणे! माझ्या आज्याने तुझ्या आज्याला एका कोंबडीच्या बदल्यात घेतला होता. कोंबडी लंगडी होती, तरी सौदा महागच पडला!”

“तुझ्या पोटात किती कोंबड्या आहेत ते दिसतंय सगळ्यांना. हावरटा, तुझ्या घराला दार आहे ना? मग आमच्या बांधाच्या फळ्या कुठे गिळल्यास?”

“अगं, ज्योला बायका भात खाऊन इतक्या घोरतात की घामाचंच मीठ शेतात उतरतं. समुद्राला कशाला नावं ठेवता?”

लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. संचालकांनी डोळे पुसले, खिशातून एक नोट काढली आणि नाचणाऱ्या-गाणाऱ्यांना बक्षीस देतात तशी न्यीमाच्या कपाळाला चिकटवली. “काय जीभ आहे हिला! मजा आणलीस गं.”

न्यीमाला तेव्हा कळलं. ती मनापासून बोलली होती आणि हा माणूस मनापासून हसला होता. जन्मभर शिव्या घातल्या तरी हा असाच गुदगुल्या झाल्यासारखा हसेल, नोट चिकटवेल आणि काचा वर करून निघून जाईल.

तिने कपाळावरची नोट काढली. पुढे आली, परक्या थोर माणसापुढे वाकतात तशी गुडघ्यांत वाकली, नजर खाली घातली आणि नोट दोन्ही हातांनी परत केली.

“आपण आलात, आभारी आहोत, साहेब. घरी सगळे बरे आहेत ना?”

कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं.

“हे काय गं?” संचालक म्हणाले. “रागावली का माझी मालकीण?”

“नाही, साहेब. माझं चुकलं. आपली ओळख नसताना मी वाटेल ते बोलले.”

“ओळख नसताना? मी न्गोम! तुझा गुलाम!”

“आपण खात्याचे साहेब. आमचा सेरेर भाऊ आमचं भात जाळणार नाही. आपण दुसरे कुणीतरी असाल.”

सरपंच लँडिंग बाजी घाईघाईने उठला. “न्यीमा, बस खाली. हे नातं तोडलं तर दोन्ही घरांवर अरिष्ट येतं. थट्टा कर त्यांची.”

“काका, साहेबांची थट्टा कशी करू?”

संचालकांच्या कपाळावर घाम आला. या माणसाचं शिक्षण तीन देशांत झालं होतं. पण आजीने लहानपणी घातलेली भीती एकाही विद्यापीठाने काढली नव्हती. “एक शिवी दे,” ते हळूच म्हणाले. “छोटीशी. लोक बघताहेत गं.”

“आपल्याला पाणी आणू, साहेब?”

दुसरी एक बाई उठली, तशीच वाकली. “आपल्याला ऊन तर लागत नाही ना, साहेब?” मग तिसरी. मघाशी आमीन म्हणणारी म्हातारीही काठी टेकत आली आणि तिने संचालकांना “महाराज” म्हटलं. तिच्या तोंडून ते ऐकताना संचालक खुर्चीत मागे सरकले.

फोन आपोआप बाहेर निघाला. “फळ्या! बांधाच्या! ... आपल्या आवारात नाहीत? ... त्यांचा कॅन्टीनचा ओटा केलात? ... उखड. आत्ता उखड, ट्रकमध्ये घाल!” फोन ठेवून ते न्यीमाकडे आशेने बघू लागले. “ट्रक निघतोय. आता बोल.”

“फळ्या बसू देत, साहेब. मग बघू.”

“मग त्या बसेपर्यंत मी इथेच थांबतो.”

“आपली मर्जी, साहेब.”

जेवण आलं. मोठ्या परातींभोवती लोक गोल करून बसले. हात एकमेकांत घुसले, कुणी कुणाच्या पुढचा माशाचा तुकडा पळवला, शिव्या सुरू झाल्या. संचालक बाह्या सरसावून एका परातीकडे सरकले. न्यीमाने अदबीने त्यांना वाटेतच थांबवलं आणि गोऱ्या पाहुण्यांना देतात तशी वेगळी बशी आणि चमचा त्यांच्या हातात ठेवला. बशीत सगळ्यात मोठा मासा होता.

संचालक चिंचेखाली एकटेच बसले. त्यांनी चालकाला हाक मारली, “ये रे, माझ्यातलं घे थोडं.”

चालक ज्योला होता. परातीतला हात न काढता तो म्हणाला, “नको, साहेब. आपण निवांत जेवा.”